शंखाने रथ मोडत नाही

जेम्स रीड हा स्कॉटलंडचा बॅगपाइप वाजवणारा. 1746 मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्धचं बंड चिरडलं गेलं, तेव्हा तोही पकडला गेला आणि यॉर्कच्या न्यायालयापुढे उभा राहिला. आपण बंदूक धरली नाही, तलवार उपसली नाही, फक्त वाद्य वाजवलं, हा त्याचा बचाव. तो मान्य झाला नाही. हायलँडर पलटण पाइपवाल्याशिवाय कूच करत नाही, तेव्हा कायद्याच्या नजरेत बॅगपाइप हे युद्धाचं हत्यारच, असं न्यायालयाने ठरवलं आणि रीडला फाशी दिली.

कथा-पुराणांनी हा निवाडा फार आधी देऊन ठेवला होता. बायबलमध्ये सात पुरोहित मेंढ्याच्या शिंगांची सात रणशिंगं फुंकत जेरिको शहराला सहा दिवस रोज एक फेरी घालतात, सातव्या दिवशी सात फेऱ्या होतात, लोक गर्जना करतात आणि तटबंदी कोसळते. पुढच्या कादंबऱ्यांनीही तोच गिरवला: जर्मन लेखक गुंटर ग्रास यांच्या 1959 च्या 'द टिन ड्रम' कादंबरीतला ऑस्कर किंचाळून काचा फोडतो. कुरुक्षेत्रावर कृष्णाचा पांचजन्य आणि अर्जुनाचा देवदत्त हे शंख वाजतात, त्याकडे शेवटी येऊ. मला इथे एकच गोष्ट तपासायची आहे: आवाजाच्या अंगात खरोखर किती बळ असतं?

जेरिकोपासूनच सुरुवात करू. कानाला दुखायला लागतं तो आवाज साधारण 120 ते 130 डेसिबलचा. त्यातला वरचा आकडा घेतला, तर तो हवेत सुमारे 63 पास्कल दाबाची लाट उठवतो. 63 पास्कल म्हणजे किती? ताशी 36 किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर साधारण तेवढाच दाब देतो. कोकणात पावसाळ्यात एखादं कौलारू घरसुद्धा याहून जोराचा वारा सोसतं. शिवाय वारा एका दिशेने रेटत राहतो; आवाज सेकंदाला शेकडो वेळा ढकलतो आणि तितक्याच वेळा ओढतो, त्यामुळे एकूण रेटा जवळपास शून्य. त्यातही हवेतून दगडावर आदळलेल्या ध्वनीची 99.9 टक्क्यांहून जास्त ऊर्जा तशीच परत फिरते. आपल्याला ऐकू येतो तो प्रतिध्वनी याचाच.

मग आवाज वाढवत न्यावा, तर तिथेही निसर्गाने मर्यादा घातली आहे. ध्वनी म्हणजे हवेचं आळीपाळीने दाटणं आणि विरळ होणं. सुमारे 194 डेसिबलला विरळ भागातली हवा पार संपते, तिथे निर्वात होतो. याच्यापुढे नेलं तर मिळतो तो स्फोटाचा धक्का, आणि त्याला कुठलाही सूर राहत नाही. जेरिकोत 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केन्यन यांनी उत्खनन केलं, तेव्हा तिथले तट कथेतल्या काळाच्या पुष्कळ आधीच ढासळलेले आढळले.

ऑस्करची गोष्ट मात्र एवढ्यावर सोडता येत नाही, कारण काच खरंच फुटते. पातळ काचेच्या पेल्याला टिचकी मारली की तो एका ठरावीक सुरात किणकिणतो. तो त्याचा स्वतःचा सूर. जलतरंग वाजवणारे चिनी मातीच्या वाट्यांमध्ये पाणी कमी-जास्त करून हाच सूर वर-खाली करतात. पाणी वाढलं की सूर उतरतो. आता बाहेरून नेमका त्याच सुराचा आवाज येत राहिला, तर प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते, जसा झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्का. पेल्याची गोल कड आधी एका बाजूने लंबगोल होते, मग दुसऱ्या बाजूने. ही वाकण्याची हद्द ओलांडली की काच तडकते. याला अनुनाद म्हणतात. 2005 मध्ये 'मिथबस्टर्स' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात गायक जेमी व्हेंडेरा यांनी ध्वनिवर्धकाशिवाय, नुसत्या गळ्याने पेला फोडून दाखवला. त्यांचा आवाज 105 डेसिबलपर्यंत गेला होता, आणि त्यासाठी बरेच पेले वापरून पाहावे लागले. सूर जुळला तरी काचेत मुळातली बारीकशी चीर असावी लागते.

म्हणजे कसोटी सोपी आहे. जी वस्तू टिचकीला किणकिणते, ती सुराने फुटण्याची थोडी तरी शक्यता असते. दगड-मातीच्या तटावर थाप मारा, 'धप्प' होऊन आवाज तिथेच मरतो. जी भिंत दिलेलं कंपन साठवूनच ठेवत नाही, तिच्यात ते थरावर थर कसं चढणार?

लष्करी संगीताने एक पूल मात्र पाडायला हातभार लावला आहे, आणि ही घटना मला कुठल्याही कल्पित कथेइतकी विलक्षण वाटते. 12 एप्रिल 1831. मँचेस्टरजवळ ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून 74 सैनिक चालले होते. पावलांच्या ठेक्यावर पूल हलतोय हे त्यांना जाणवलं, गंमत वाटली, आणि ते संचलनाची धून शिट्टीवर वाजवत त्या हेलकाव्याला पाऊल जुळवू लागले. पुलाचं एक टोक सुटलं. चाळीसेक जण खाली नदीत गेले. कुणाचा जीव गेला नाही. एक बोल्ट आधीपासूनच सदोष होता, पण त्याला शेवटचा हिसका त्या तालाने दिला. यानंतर पूल ओलांडताना पाऊल मोडून चालायचं, असा हुकूम ब्रिटिश सैन्यात निघाला. पूल हलवला तो पावलांनी. शिट्टीने ती पावलं एका मात्रेवर बांधली.

विज्ञानकथांना अवश्राव्य ध्वनीचं भारी आकर्षण: कानाला न ऐकू येणारा खर्ज सोडायचा आणि दूरवरची माणसं कोसळवायची. इथे अडचण नेम धरण्याची आहे. सेकंदाला 7 कंपनांच्या ध्वनीची एक लाट सुमारे 49 मीटर लांब असते. लाट एका दिशेने धाडायची तर यंत्र तिच्या लांबीपेक्षा बरंच मोठं हवं. म्हणजे डोंगराएवढा भोंगा बांधावा लागेल, नाहीतर ती लाट चहूकडे पसरेल आणि सोडणाऱ्यालाही सोडणार नाही. म्हणून प्रत्यक्षात वापरात आलेलं 'एलआरॅड' हे ध्वनियंत्र बरोबर उलट्या टोकाला काम करतं. त्याचा कर्कश आवाज सेकंदाला दोन-तीन हजार कंपनांचा, लाट वीतभरही नाही, त्यामुळे छोट्या तबकडीतून तो झोतासारखा सोडता येतो. नोव्हेंबर 2005 मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ 'सीबोर्न स्पिरिट' या प्रवासी जहाजावर समुद्री चाच्यांनी हल्ला केला, तेव्हा खलाशांनी हे यंत्र त्यांच्यावर रोखलं आणि जहाज निसटलं.

ती कंपनसंख्या निवडण्याचं आणखी एक कारण आहे: माणसाचा कान तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. कानाची नजाकत ऐकून थक्क व्हायला होतं. वातावरणाच्या दाबाचा पाचशे कोटींवा भाग एवढा सूक्ष्म बदल तो टिपतो, तेव्हा कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. जी लाट भिंतीला झुळूक वाटते, ती या पडद्याला त्याच्या किमान गरजेच्या तीसेक लाख पट असते. आतल्या शंखाकृती कर्णावर्तात केसासारखे तंतू असलेल्या सुमारे 15,000 पेशी असतात. त्या मोडल्या की मोडल्या. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, आपल्या नाही. आधी जातात त्या उंच स्वरांच्या पेशी, म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं पण 'स', 'श', 'फ' पुसट होऊन शब्द लागत नाहीत. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे तासन् तास नाचलेल्या मुलांच्या कानात रात्री जो 'सूं' आवाज राहतो, तो याच पेशींचा आक्रोश आहे. माझा जीव त्या मुलांसाठी तुटतो. फोमची साधी बोंडं कानात नीट बसवली तरी वीस डेसिबलच्या आसपास आवाज अडतो.

कानाच्या मागे मन असतं, आणि सैन्यांनी नेम धरला तो बहुतेकदा त्यावरच. दुसऱ्या महायुद्धात जर्मन स्टुका विमानांच्या पायांना वाऱ्याने फिरणारे भोंगे बसवले होते. त्यांचं नावच 'जेरिकोची तुतारी'. बॉम्ब पडायच्या आधी ती किंकाळी पडायची. भोंग्यांमुळे विमानाचा वेग घटायचा आणि खालच्यांना आगाऊ सूचना मिळायची, म्हणून पुढे ते काढून टाकले. डिसेंबर 1989 मध्ये पनामातल्या व्हॅटिकनच्या वकिलातीत लपलेल्या पनामाच्या हुकूमशहाला, मॅन्युएल नोरिएगाला, बाहेर काढायला अमेरिकी सैन्याने भोवती कर्ण्यांवरून रॉक संगीत वाजवलं. व्हॅटिकनने तक्रार केल्यावर ते थांबवावं लागलं, आणि 3 जानेवारी 1990 ला तो शरण आला तो वाटाघाटींनंतर.

आता कुरुक्षेत्र. गीतेच्या पहिल्या अध्यायात पांडवांच्या शंखांचा घोष आकाश आणि पृथ्वी दुमदुमवतो. 'स घोषो धार्तराष्ट्राणां हृदयानि व्यदारयत्' असं तिथे म्हटलं आहे. हृदयं विदारली, रथाचं एक चाकही निखळल्याचा उल्लेख नाही. त्याच्या थोडं आधी भीष्मांनी आपला शंख फुंकलेला असतो, तो दुर्योधनाच्या मनात हर्ष उपजावा म्हणून, आणि पाठोपाठ कौरवांच्याच बाजूने भेरी, पणव, आनक, गोमुख एकदम वाजू लागतात. तीच हवा, तसलेच शंख. भीष्मांचा शंख दुर्योधनाला उभारी देतो, अर्जुनाचा त्याच्या छातीत धडकी भरवतो.