जमावबंदी, संचारबंदी आणि 'एकशे चव्वेचाळीस'

सोलापुरात १२ मे १९३० रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत टिकला. गांधी टोपीवर बंदी, रात्री घराबाहेर पडायला मनाई, पुढे चौघांना फाशी; हा इतिहास शहराला पाठ आहे. पण तो लष्कराचा अंमल होता. आजच्या जमावबंदीचे मूळ तिथे नाही, ते फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. १८९८ च्या संहितेतले कलम १४४ हे १९७३ च्या संहितेत त्याच क्रमांकाने आले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६३ झाले.

खरा घोळ इथे आहे. 'एकशे चव्वेचाळीस लागू' एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्या कलमात 'पाच माणसे' हा आकडा नाही आणि 'संचारबंदी' हा शब्दही नाही. काय करू नये हे आदेश ठरवतो. पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येऊ नये म्हटले की जमावबंदी. घराबाहेरच पडू नये म्हटले की संचारबंदी. मार्च २०२० मध्ये राज्यात लागोपाठच्या दोन दिवसांत आधी जमावबंदी आणि मग संचारबंदी जाहीर झाली, ती याच कलमाच्या आधारे. त्यामुळे किराणा आणायला निघालेला एकटा माणूस आदल्या दिवशी नियमात होता, दुसऱ्या दिवशी त्याला कारण सांगावे लागले.

गड्डा यात्रा, गणेशोत्सव किंवा निवडणुकीच्या आगेमागे शहरात निघतो तो आदेश बहुधा वेगळाच असतो: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७. शस्त्रे, दगड बाळगणे, प्रक्षोभक घोषणा यांना पोटकलम १ मनाई करते, जमाव आणि मिरवणुकीला पोटकलम ३. पोटकलम ३ ची बंदी सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे चालत नाही. म्हणून पंधरवडा संपला की नवा आदेश निघतो. ही सवय आम्हाला घातक वाटते. अपवादासाठी दिलेला अधिकार त्यातून नेहमीचा होऊन बसतो. कलम १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावले आहे.

आदेश हाती आला की आधी कलम, मग हद्द, मग तारीख-वेळ आणि शेवटी सवलती पाहाव्यात. लग्न आणि अंत्ययात्रा बहुधा तिथेच सापडतात. कलम १६३ चा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो, सरकार तो आणखी सहा महिने वाढवू शकते. तो रद्द करा किंवा बदला, असा अर्ज बाधित व्यक्तीला करता येतो. अर्जदाराला म्हणणे मांडू द्यावे लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणे लेखी द्यावी लागतात. आदेशभंगाचे गुन्हे मात्र अनेकदा एका साध्या त्रुटीवर अडकतात: संबंधित अधिकाऱ्याची, त्याच्या वरिष्ठाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार नसेल, तर न्यायालय दखल घेऊ शकत नाही.