कपकेक व घरगुती बेकिंग (बेळगाव सीमाभाग)

कपकेक म्हणजे कागदी वाटीत भाजलेला, एका माणसापुरता केक. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात तो विकत आणण्याइतकाच घरी करून बघण्याचा पदार्थ झाला आहे.

लहान कपांत केक भाजण्याची कृती अमेरिकेत १७९६ साली छापलेली आढळते. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली आणि पुढे अंडी तासभर घोटण्याचे कष्ट कमी झाले. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली मॅग्नोलिया बेकरी निघाली. दूरचित्रवाणी मालिकेत दिसल्यावर तिथल्या कपकेकचे वेड जगभर पसरले.

सीमाभागात त्याला जमीन तयार मिळाली. बेळगावचा कॅम्प म्हणजे ब्रिटिशांची छावणी, त्यामुळे पाव, टोस्ट, खारी हे प्रकार इथे जुने. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथली नाताळची केकची परंपरा शेजारचीच. पण घराघरांतला खरा दुवा नानकटाईचा. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे आणि डबे भरून नानकटाई घरी आणायची, हा रिवाज अनेक घरांनी पाळला. भाजण्याचे काम तेवढे बाहेरचे होते; ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन, आल्यावर तेही घरात आले. २०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद पडल्या तेव्हा यूट्यूब लावून केक करणाऱ्यांची संख्या वाढली.

नवशिक्याला मोठ्या केकपेक्षा कपकेक सोपा. मोठा केक मध्ये कच्चा राहतो, बसतो. हा १७०–१८० अंश सेल्सिअसला साधारण वीस मिनिटांत होतो. वाटी दोन तृतीयांशच भरायची, नाहीतर पीठ उतू जाते. जैन, लिंगायत आणि इतर शाकाहारी घरांत अंड्याऐवजी दही आणि खाण्याचा सोडा वापरतात. दह्यातल्या आम्लाशी सोड्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. म्हणून सोडा पडला की भांडे रेंगाळत ठेवू नये. ओव्हन नसेल तर तळाशी मीठ पसरलेला कुकर, शिट्टी आणि रबर काढून, चालतो. अप्पेपात्रातही होतात, फक्त वरची बाजू फिकी राहते. उलटावे, तर तो अप्पेच दिसतो.

गंमत अशी की इथला खास पदार्थ कुंदा, पण तो बहुतेक जण दुकानातूनच आणतात. दूध तासन्‌तास आटवून तपकिरी रंगावर आणण्याइतकी सवड कोणाला? परदेशातून आलेला कपकेक मात्र शाळेतून आलेली मुले संध्याकाळी स्वतः घोटतात. कुंद्याची जागा त्याने घेतलेली नाही; पाहुण्याच्या हाती अजून कुंदाच दिला जातो. वाढदिवसाच्या टेबलावर मात्र सहा-सहाचे कपकेकचे डबे दिसू लागले आहेत.

हे डबे पुरवणाऱ्यांत घरूनच व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्या गृहिणी असतात. त्यांची खरी परीक्षा सजावटीत. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याने हवा सौम्य, तरी एप्रिल-मेमध्ये व्हिप्ड क्रीम वितळते आणि खानापूरच्या पावसाळ्यात साखरेची फुले ओल धरतात. विक्री घरगुती असली तरी अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागते, आणि अंडे घातलेल्या व बिनअंड्याच्या केकसाठी भांडी वेगळी ठेवली आहेत का, हे गिऱ्हाईक आधी विचारते.