आधी पाण्याची वाट, मग तिकीटखिडकी

जुन्या जागेचा ‘विकास’ करायचा म्हटलं की आराखड्यात आधी येतात तिकीटखिडकी, सेल्फी पॉइंट आणि हिरवळ. मध्ययुगीन वस्तीच्या अवशेषांभोवती खुलं संग्रहालय करायचं असेल, तर यातली सगळ्यात घातक गोष्ट हिरवळ.

शेकडो वर्षं मातीखाली राहिलेल्या भिंतीचं आजूबाजूच्या ओलाव्याशी जमून गेलेलं असतं. उत्खननात ती उघडी पडली की उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, पावसाळ्यात चिंब असा फेरा सुरू होतो. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दगडांमधला मातीचा गारा धुऊन जातो आणि दगड सुटे होतात. विटांचं दुखणं निराळं. जमिनीतलं पाणी विटेत वर चढतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मात्र पृष्ठभागाच्या जरा आत वाढत राहतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. पेठांतल्या ओल आलेल्या वाड्याच्या भिंतीवरून बोट फिरवलं की लाल भुकटी हाताला लागते, ती यामुळेच. अशा जोत्याला लागून रोज पाणी पिणारी लॉन लावणं म्हणजे या क्षारांना बारमाही रतीब घालणं. त्यात काळी माती असेल तर ती पावसात फुगून पाया ढकलते आणि मे महिन्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पाडते.

म्हणून आराखड्याची पहिली रेघ पाण्याच्या निचऱ्याची हवी. आणि दुसरा निर्णय, किती झाकून ठेवायचं याचा.

उकरलेलं सगळं दाखवलंच पाहिजे असं नाही. मोजमापं आणि छायाचित्रं घेऊन झाली की खड्ड्यात जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं कापड अंथरतात, त्यावर वाळू आणि माती भरतात. कापडामुळे पुढच्या पिढीतल्या संशोधकाला मूळ थर कुठे सुरू होतो ते कळतं. वर जमिनीवर वेगळ्या रंगाच्या दगडांनी खालच्या भिंतींची आखणी करता येते. मला तरी सिमेंटची नवी तटबंदी उभारून तिला ‘यादवकालीन’ म्हणण्यापेक्षा ही आखणी कितीतरी प्रामाणिक वाटते. स्मारकांच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेलाही उत्खननाच्या जागी नव्यानं बांधकाम मान्य नाही. पडलेले मूळ तुकडे पुन्हा जुळवावेत, एवढीच मुभा तिथे आहे.

न उकरताही बरंच कळतं. जमिनीत रडारची लहर सोडून खाली काय दडलंय ते पाहता येतं. पण काळ्या चिकणमातीत ही लहर लवकर विरते, तिथे जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजतात. दगडी भिंत जास्त रोध दाखवते, मातीनं भरलेला ओलसर खंदक कमी. शेण, राख, हाडं यांचा फॉस्फेट मातीत शतकानुशतकं टिकतो, त्यावरून गोठा कुठे असावा याचा माग लागतो.

पुण्यात असं संग्रहालय करायचं कुठे? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख येतो, पण कसब्यात त्या काळच्या थरांवर आज माणसं राहतात. तिथे वाडा पाडून पार्किंगसाठी खोल खड्डा खणला जातो, तेव्हा पुरातत्त्वज्ञाला दोन दिवस थर वाचू दिले तरी पुष्कळ. आठव्या शतकातलं पाताळेश्वर कातळात कोरलेलं आहे, त्यामुळे गारा धुपण्याची भीती नाही. पण केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण असतं. तेव्हा स्वच्छतागृह, उपाहारगृह, बसथांबा हे सगळं आधीच दूर धरावं लागतं.

आणखी एक मोह म्हणजे आसपासच्या गावांतले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, आणून बागेत ओळीनं उभे करण्याचा. तळाशी पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ही दगडातली गोष्ट वेशीवर उभी असते तेव्हा लढाई कुठे झाली असेल याचाही अंदाज देते. धरणात किंवा रस्त्यात जागाच जाणार असेल तरच दगड हलवावा, तोही अक्षांश-रेखांश आणि तोंडाची दिशा टिपून. बसवताना चुना वापरावा, कारण सिमेंटमधले क्षार बेसॉल्टलाही सोडत नाहीत.