कानावरचा की कानाभोवतीचा?

इंग्रजीत ‘ऑन-इअर’ आणि ‘ओव्हर-इअर’ असे दोन शब्द आहेत. आपल्याकडे दोन्हींना ‘कानावरचा हेडफोन’ म्हणतात. गिऱ्हाईक तसंच मागतं, दुकानदार तसाच देतो. माझ्या पुतण्याने मे महिन्यात फोन केला, ‘काका, दीड हजारात कानावरचा घेतला, एकदम भारी!’ आठ दिवसांनी परत फोन. ‘काका, गेमच्या दोन मॅच झाल्या की कान ठणकतो. आवाज कमी करून बघितला, तरी तेच.’

आवाजाचा काही संबंधच नव्हता. त्याला हवा होता कानाभोवती बसणारा आणि हातात आला होता कानाच्या पाळीवर टेकणारा. खोक्यावर मात्र ‘ओव्हर-इअर गेमिंग’ असं ठळक छापलेलं होतं. ही भानगड पुढे सांगतो, आधी सरळ दोघांकडे बघू.

ऑन-इअरची गादी कानाच्या आकाराएवढी किंवा त्याहून लहान असते आणि ती थेट कानावर टेकते. ओव्हर-इअरची गादी म्हणजे पोकळ कडं. कान त्याच्या आत मोकळा राहायचा आणि कडं कानाच्या बाहेर, डोक्याच्या हाडावर टेकायचं. म्हणून मी घरात पहिल्याला कानावरचा आणि दुसऱ्याला कानाभोवतीचा म्हणतो. एवढं म्हटलं तरी निम्मा घोळ मिटतो.

फरक दिसायला बोटभर आहे, पण दुखण्याचं सगळं मूळ त्यात आहे. कानाची पाळी हातात धरून बघा. खालचं टोक, जिथे डूल घालतात ते मऊ असतं. वरचा सगळा भाग म्हणजे कूर्चा आणि तिच्यावर ताणलेली पातळ कातडी, मधे चरबीचा थर जवळजवळ नाहीच. हा भाग तासभर दाबून मागच्या हाडावर चेपला, तर तो तक्रार करणारच. कानाभोवतीच्या हेडफोनची पकड तेवढीच असली तरी तो भार मोठ्या कड्यावर पसरतो आणि टेकतो तो हाडामांसावर, कूर्चेवर नाही.

गंमत अशी की दुकानात नेमकं उलटं वाटतं. कानावरचा हलका असतो. सोनीचा झेडएक्स-११० घ्या, वायर सोडली तर साधारण १२० ग्रॅम. दोन मिनिटं घालून बघितला की वाटतं, अरे, डोक्यावर काही आहे की नाही! तोच रेझरचा ब्लॅकशार्क व्ही-२ एक्स २४० ग्रॅमचा, म्हणजे दुप्पट. दोन मिनिटांच्या परीक्षेत हलका पास होतो. पण खेळणारा दोन मिनिटं खेळत नाही. कानावरच्याचं दुखणं पहिली वीस मिनिटं दडून बसतं, मग कान गरम होतो, मग ठणका लागतो. त्यामुळे दुकानात घालून बघायचा तर निदान पंचवीस मिनिटं काढू नका. दुकानदार बघत राहील, बघू दे. आपण मधल्या वेळात भाव करावा.

आता ती खोक्यावरची भानगड. स्वस्त मालात एक तिसरी जात फिरते, नावाने कानाभोवतीची आणि कामाने ना धड ही, ना धड ती. वाटी बाहेरून मोठी दिसते, फोटोत तर छानच दिसते, पण गादी इतकी जाड की आतली पोकळी चिमुकली. हिशेब करा. बाहेरून वाटी साडेआठ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी गादी दोन-दोन सेंटिमीटर. आत उरले साडेचार. मोठ्या माणसाचा कान उंचीला साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर असतो, रुंदीला साडेतीनच्या आसपास. मग काय होणार? कडं वरच्या काठावर आणि खालच्या पाळीवर बसतं, म्हणजे जो भाग वाचवायचा तोच चेपला जातो. लाडू वाटीत मावत नसताना वाटी उपडी दाबली तर लाडू झाकला जात नाही, फुटतो. खऱ्या कानावरच्यापेक्षाही ही जात वाईट, कारण वजन मोठ्याचं आणि दाब छोट्याचा.

म्हणून पुतण्याला पहिलं काम दिलं, कंपासपेटीतली पट्टी काढ आणि आईकडून कान मोजून घे. वरच्या काठापासून पाळीच्या टोकापर्यंत त्याचा भरला ६.३. मग विक्रीच्या पानावर वाटीच्या आतल्या पोकळीचं माप शोधायचं. बहुतेक ठिकाणी बाहेरचं माप देतात किंवा ड्रायव्हरचं. ‘५० मिमी ड्रायव्हर’ हा आकडा आतल्या स्पीकरच्या पडद्याचा असतो, कानाला किती जागा मिळेल याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. माप मिळालं की जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला तेवढं लंबगोल भोक पाडा आणि त्यातून कान बाहेर काढून बघा. हसू येतं, पण याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. कान आरामात निघाला आणि कडेला जराशी फट उरली, तर तो तुमच्यासाठी कानाभोवतीचा. नाही निघाला, तर खोक्यावर काही का छापलेलं असेना. हेडफोन कोणत्या जातीचा, हे शेवटी ज्याचा त्याचा कान ठरवतो. तोच हेडफोन पुतण्याला कानावरचा आणि त्याच्या धाकट्या बहिणीला कानाभोवतीचा होऊ शकतो, आणि झालाही.

खोलीही बघायला हवी. आतली जाळी कानाच्या टोकाला टेकत असेल तर तासाभरात तोच एक ठिपका खुपायला लागतो. ज्यांचे कान बाहेर आलेले असतात त्यांना हे हमखास होतं. गादी निघणारी असेल तर तिच्या कडेखाली मागच्या बाजूने कापसाची बारीक वळकटी सरकवा, वाटी दोन-तीन मिलिमीटर उचलली जाते आणि कान सुटतो. उपाय फुकटाचा आहे.

कानात काही घालणाऱ्यांची वेगळी कथा. कुडीची फिरकी पाळीच्या मागे असते. कानावरचा हेडफोन पाळी दाबतो आणि फिरकी मागून मानेकडच्या हाडात रुतते. भिकबाळीवाल्यांचं तर विचारू नका, ती कानाच्या वरच्या भागात असते, म्हणजे नेमकी गादीखाली. चष्म्याचं गणित मात्र दोन्हीकडे अवघड आहे. कानावरचा हेडफोन कान चष्म्याच्या काडीवर दाबतो आणि काडी कानशिलात घुसते. कानाभोवतीच्याची गादी काडीवरून जाते. तिथे दाब येतो आणि फटही पडते, फटीतून खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजे धमाक्यांचा दणका, निसटतो. चष्मा असेल तर पातळ काडीचा वापरा आणि बोटाने दाबल्यावर सावकाश फुगणारी मऊ फोमची गादी बघा.

इथवर कानाभोवतीचाच जिंकतोय असं वाटेल. पण आपल्या हवेत तो एका ठिकाणी सपशेल हरतो. मे महिन्यात रत्नागिरीला किंवा पणजीला, पंखा एकवर आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही, अशा वेळी रेक्झिनच्या बंद वाटीत कान अर्धा तास ठेवा. बाहेर काढाल तेव्हा मोदकपात्राचं झाकण उघडल्यासारखं वाटेल. कानावरच्यात कानाच्या मागे आणि कडेला हवा खेळते, घाम कमी साचतो. शिवाय ते रेक्झिन दमट हवेत टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि काळे कपटे कानामागे, मानेवर, कॉलरवर चिकटतात. मी एकदा ऑफिसात तसाच गेलो होतो, दुपारी कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारलं, केसांना काय लावता?

यावर उतारा म्हणजे कापडी किंवा मखमली गादी. ती घाम शोषते, वाळते, सोलत नाही. तोटा एवढाच की बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो. घेतानाच बघा की गादी ओढून निघते का आणि त्या मापाची वेगळी मिळते का. ज्या हेडफोनची गादी बदलता येत नाही त्याचं आयुष्य रेक्झिनच्या आयुष्याएवढंच, मग तो कितीही मजबूत असो.

पकडीबद्दल एक युक्ती जुनीच आहे. नवा हेडफोन फार आवळत असेल तर डोक्याच्या रुंदीपेक्षा जरा जास्त रुंद पुस्तकांच्या चळतीवर रात्रभर ताणून ठेवतात. पट्ट्यात धातूची पट्टी असेल तरच करा. नुसत्या प्लास्टिकच्या पट्ट्यावर हा प्रयोग केला तर सकाळी दोन हेडफोन मिळतात, एकेका कानाचे. आणि डोक्याच्या माथ्यावर दुखत असेल तर दोष वाटीचा नाही, वरच्या गादीचा. सुपरलक्सच्या एचडी-६८१ सारख्या काही स्वस्त हेडफोनांत वर आपोआप जुळणारा झुलता पट्टा असतो, त्याने वजन एका ठिकाणी येत नाही.

कानावरचा सगळीकडे कमीच, असं मात्र नाही. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याच्याबरोबर दिलेला हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचा होता, कानावर स्पंजचे दोन तुकडे. आरामाची गुरुकिल्ली तिथे सापडली होती: दाबच इतका कमी ठेवायचा की कूर्चेला कळू नये. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातोय. त्यात कानाच्या वर कानशिलावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या आहेत आणि पकड हलकी-घट्ट करायची सरकपट्टी आहे. दोन तास घातला तरी कान बोलत नाही. पण तो उघडा आहे, सगळा आवाज बाहेर. वडील शेजारी बातम्या बघत असतील तर त्यांना तुमची बंदूक ऐकू येणार आणि तुम्हाला त्यांच्या बातम्या.

खेळात हा मुद्दा आरामाशी जोडलेला आहे, तो असा. बीजीएमआय किंवा व्हॅलोरंटसारख्या गोळीबाराच्या खेळात शत्रूची पावलं डावीकडून आली की मागून, यावर जीव अवलंबून. कानावरच्याची गादी जराशी हलली की फट पडते, पावलं बुडतात, मग आपण आवाज वाढवतो. अजून वाढवतो. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. नीट बसलेला कानाभोवतीचा हेडफोन खोलीतला पंखा थोडा दूर ठेवतो, म्हणून कमी आवाजात काम भागतं.

‘७.१ सराउंड’, म्हणजे चहूबाजूंनी आवाज, या छापील बढाईकडे लक्ष देऊ नका. दोन स्पीकरांतून सॉफ्टवेअर जो आभास करतं तो आभासच, आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते गादीत घाला. बिनतारीही या पैशांत नको. साध्या ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलीसेकंद मागे पडतो. सेकंदाला ६० चित्रांच्या खेळात म्हणजे नऊ ते बारा चित्रं. पावलं ऐकू येईपर्यंत पावलांचा मालक तुमच्या समोर उभा. साडेतीन मिलिमीटरची वायरच बरी. तसं भोक असलेल्या मोबाइलला आणि लॅपटॉपला तीन काळ्या पट्ट्यांची एकच पिन चालते, पण जुन्या डेस्कटॉपला माइकची आणि आवाजाची भोकं वेगळी असतात. त्याला दोन शेपट्यांची छोटी वायर लागते, तीही खोक्यात आहे का बघा.

पुतण्याचा पहिला हेडफोन परत करायची मुदत उलटून गेली होती. ‘काही करून तोच वापरायचाय’ म्हणाला, कारण पैसे त्याचे होते, वाढदिवसाचे. तेव्हा मोठ्या पोकळीची लंबगोल कापडी गादी मागवली, सात सेंटिमीटर आतून. ती वाटीपेक्षा मोठी होती, म्हणून कडेने ताणून बसवावी लागली, दिसायला जरा बेंगरूळ झाली. गणपतीत गेलो तेव्हा तो आरतीला बोलावलं तरी उठेना. वहिनी चिडून म्हणाल्या, ‘भावोजी, आधी अर्ध्या तासाने कान दुखतो म्हणून निदान काढायचा तरी!’