सरासरी विद्युतक्षेत्र : आमच्या अहवालातला आकडा कसा वाचावा

बुशिंग (भिंतीतून किंवा टाकीतून कंडक्टर आरपार नेणारा इन्सुलेटर) किंवा इपॉक्सी रेझिनच्या सपोर्टचं संगणकावर सिम्युलेशन करायला दिलं, की बहुतेक ग्राहक आधी विचारतात, "आतलं सरासरी क्षेत्र किती?" प्रश्न बरोबर आहे, पण सरासरी कशाची आणि कशी काढली हे कळल्याशिवाय त्या आकड्यावर डिझाइन ठरवू नका.

सोपं उदाहरण घेऊ. १० मिमी त्रिज्येचा कंडक्टर, भोवती ३० मिमी त्रिज्येपर्यंत इन्सुलेशन, व्होल्टेज १० किलोव्होल्ट. २० मिमी जाडीने भागलं तर ०.५ किलोव्होल्ट प्रति मिमी येतात. घनफळावर काढलेली खरी सरासरी मात्र ०.४६ आहे, कारण बाहेरच्या कड्यात माल जास्त आणि क्षेत्र कमी. म्हणूनच अर्धा छेद काढून केलेल्या मॉडेलमध्ये आम्ही छेदाच्या क्षेत्रफळावर नाही, तर पूर्ण फिरवलेल्या घनफळावर सरासरी घेतो. कॉमसोल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार पर्याय आहे. मॅक्सवेल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फील्ड कॅल्क्युलेटरवर इंटिग्रेशन करून घनफळाने भागावं लागतं. मेशच्या, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे पाडणाऱ्या जाळीच्या, सगळ्या एलिमेंटचे (तुकड्यांचे) आकडे एक्सेलमध्ये टाकून सरासरी काढू नका. कंडक्टरजवळ मेश बारीक असते, तिथले एलिमेंट संख्येने जास्त, त्यामुळे उत्तर फुगतं.

आणखी एक घोळ दिशेचा. याच नळकांडीत दिशेसकट सरासरी घेतली तर उत्तर शून्य येतं, कारण समोरासमोरच्या बाजू एकमेकींना खोडतात. इन्सुलेशनसाठी आम्ही परिमाणाची, म्हणजे दिशा सोडून नुसत्या आकड्याची, सरासरी देतो. डायइलेक्ट्रिक (इन्सुलेशनचा माल) तापण्याचा हिशोब हवा असेल तर क्षेत्राच्या वर्गाची सरासरी लागते. ती वेगळी मागा.

मॉडेलवर विश्वास ठेवण्याआधी आम्ही एक चाचणी नेहमी करतो. एकसमान क्षेत्रात ४ परमिटिव्हिटीचा (हवेच्या तुलनेत माल क्षेत्रामुळे किती ध्रुवित होतो, त्याचं माप) गोळा हवेत ठेवला, तर आतलं क्षेत्र बाहेरच्या बरोबर निम्मं यायला हवं. तसं आलं नाही, तर मेश किंवा बाहेरची हद्द चुकली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. वरच्या उदाहरणात सरासरी ०.४६ असली तरी कंडक्टरला लागून ०.९१ आहे, म्हणजे दुप्पट. ४ परमिटिव्हिटीच्या इपॉक्सीत हवेचा गोल बुडबुडा राहिला तर त्याच्या आत क्षेत्र भोवतालच्या १.३३ पट होतं. बुडबुडा एवढासा, सरासरी जागची हलतही नाही, पण पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनच्या छोट्याशा भागातच होणारं विद्युत-विसर्जन) तिथूनच सुरू होतो. म्हणून आमच्या अहवालात सरासरीशेजारी कमाल क्षेत्र आणि त्याची जागा नेहमी असते.

काम देताना स्टेप फाइल (भागाचं थ्रीडी कॅड मॉडेल), प्रत्येक मालाची परमिटिव्हिटी आणि व्होल्टेज आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) की पीक (कमाल मूल्य), एवढं लिहून पाठवा. पीक आणि आरएमएसमध्ये १.४१ पटींचा फरक पडतो.