हेन्री कूपर: डावा हातोडा आणि डाव्या डोळ्यावरची कातडी

ब्रिटनने बॉक्सिंगला लेनॉक्स लुइस, टायसन फ्युरी, अँथनी जोशुआ असे हेवीवेट जगज्जेते दिले. हेन्री कूपर जगज्जेता कधीच झाला नाही. तरी ‘आपला एन्री’ (लंडनच्या बोलीतला हेन्री) हा मान त्याच्याइतका दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही.

1934 मध्ये लंडनमध्ये जन्मलेला कूपर मुळात डावखुरा. पण लढायचा उजव्यासारखा, म्हणजे डावा हात आणि डावा पाय पुढे ठेवून. त्यामुळे जोरकस हातच प्रतिस्पर्ध्याच्या जवळ असायचा आणि त्याचा लेफ्ट हुक, म्हणजे डाव्या हाताचा बाजूने वळून येणारा ठोसा, चाहूल न देता यायचा. या ठोशाला लोक ‘एन्रीज हॅमर’ म्हणत. वजन मात्र जेमतेम 84 किलो. आजच्या नियमांनी तो हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटातच बसला असता.

18 जून 1963, वेम्बली स्टेडियम. चौथी फेरी संपता संपता हा हुक कॅशियस क्लेच्या, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीच्या, जबड्यावर बसला आणि क्ले दोरांना घासत खाली गेला. तो उठतो न उठतो तोच घंटा झाली. कोपऱ्यात क्लेचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला हुंगायला क्षार दिले, जे ब्रिटिश नियमांत बसत नव्हतं, आणि ग्लोव्हची शिवण उसवल्याचं रेफरीला दाखवलं. या खटपटीत क्लेला काही मिनिटं मिळाली, असं आजही सांगतात. चित्रफीत पाहिली तर विश्रांती काही सेकंदच लांबलेली दिसते. खरा घोळ कूपरच्या डाव्या डोळ्यावर होता. भुवईचं हाड टोकदार आणि वरची कातडी पातळ. एकदा फाटलेली जखम भरली तरी वण कच्चाच राहतो आणि पुढच्या ठोशाला तिथेच उसवतो. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात अ‍ॅड्रेनलिनचा बोळा दाबून रक्त थांबवायचं, वर व्हॅसलीन लावायचं. पण जखम खोल असली की रक्त डोळ्यात उतरतंच. पाचव्या फेरीत लढत थांबवली गेली आणि कूपर हरला. 21 मे 1966 ला आर्सेनलच्या मैदानावर, या वेळी जगज्जेतेपदासाठी, अलीविरुद्ध पुन्हा तेच झालं. फरक इतकाच की फेरी सहावी होती.

घरच्या रिंगणात मात्र 1959 मध्ये ब्रायन लंडनला हरवल्यावर कूपरला तोड नव्हती. ब्रिटिश किताबाच्या तीन लढती जिंकल्या की लॉन्सडेल पट्टा कायमचा मिळायचा. कूपरने असे तीन पट्टे मिळवले. त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. बीबीसीचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मानही त्याला दोनदा मिळाला, 1967 आणि 1970 मध्ये.

शेवट कडवट झाला. 16 मार्च 1971 ला तरुण जो बग्नरविरुद्ध पंधरा फेऱ्या झाल्या. तेव्हा ब्रिटनमध्ये गुण एकटा रेफरी द्यायचा: फेरी जिंकणाऱ्याला पाच, दुसऱ्याला पाव-अर्धा कमी. रेफरी हॅरी गिब्जने बग्नरचा हात वर केला, फरक अवघ्या पाव गुणाचा. प्रेक्षक खवळले. कूपरने निवृत्ती घेतली आणि बग्नरला ती रात्र ब्रिटिश प्रेक्षकांनी कधी पुरती माफ केली नाही.

कूपर मग जाहिरातींतून घराघरांत पोचला. ब्रूट या आफ्टरशेव्हची बाटली अंगभर शिंपडणारा हसरा कूपर त्या पिढीला लढतींइतकाच आठवतो. पुढे लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारातली गुंतवणूक बुडाली आणि 1993 मध्ये ते तीनही पट्टे लिलावात काढावे लागले. मिळाले 42,000 पौंड. सर ही पदवी 2000 मध्ये आली, आणि ती मिळालेला तो पहिला बॉक्सर होता.