पेटीपुढच्या ढिगापासून न परतणाऱ्या माशीपर्यंत

सातारा-सांगलीकडे कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. आपण 'औषध' मारतो.

1946 साली महाबळेश्वरात मध संचालनालय सुरू झालं तेव्हा सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या जांभूळ, हिरडा, कारवीच्या रानात असायच्या. तिचे वैरी म्हणजे मेणकिडा, गांधीलमाशी आणि लांबलेला पाऊस. औषधाशी तिची गाठ पडली ती घाट उतरून, पूर्वेच्या शेतात. देशात 1952 पासून बीएचसी हे कीटकनाशक बनू लागलं, हरितक्रांतीने पंप घरोघरी नेला, मग मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस आले. तासगाव-मिरजेची द्राक्षं आणि आटपाडीची डाळिंबं वाढली तशा फवारण्याही.

तेव्हाची विषबाधा ओळखायला शास्त्रज्ञ लागत नसे. सकाळी फुलोऱ्यावर औषध मारलं की पेटीच्या दाराशी माश्यांचा थर पडे. काही सोंड बाहेर काढून मेलेल्या, काही पाठीवर पडून गरगर फिरणाऱ्या. त्यामुळे उपायही सरळ होता: फुलात असताना मारू नका, मारायचंच तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

निओनिकोटिनॉइड गटातलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आलं आणि हा नियम लंगडा पडला. 1991 पासून ते जगाच्या बाजारात आहे. बियाण्याला चोळा, मुळाशी सोडा. झाड ते पाण्याबरोबर पितं आणि त्याचा अंश परागात, मकरंदात उतरतो. संध्याकाळ झाली म्हणून तो तिथून जात नाही. माशी जागेवर मरतेच असं नाही. फ्रान्समध्ये 2012 साली माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून त्याच गटातल्या थायामेथोक्झामचा अल्प डोस दिला, तर नेहमीपेक्षा खूपच जास्त माश्या घरी परतल्या नाहीत. दाराशी ढीग नाही, पेटी नुसती हलकी होत जाते. मधपाळाने पुरावा दाखवायचा तरी कसा?

युरोपने 2013 मध्ये याच गटातल्या तीन औषधांवर निर्बंध घातले आणि 2018 मध्ये उघड्या शेतात ती बंदच केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 2020 च्या मसुद्यात 27 कीटकनाशकं-तणनाशकं-बुरशीनाशकं बंद करायचा विचार होता. ही तिन्ही त्यात नव्हती.

गंमत म्हणजे सांगलीच्या बागायतदाराला युरोपचे नियम तोंडपाठ आहेत. तिकडे पाठवलेल्या द्राक्षांत 2003 साली औषधाचे अंश सापडल्यापासून शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत, हे तो बोटांवर सांगतो. पण तो हिशेब खाणाऱ्यासाठी. माशी येते फुलात, काढणीच्या कितीतरी आधी. डाळिंबाच्या बहारात मधपेटी ठेवायची ती याच दिवसांत, आणि फुलकिडेही नेमके तेव्हाच येतात, म्हणजे फवारणीही.